आधी फोकस, मग उडी

बनारसच्या घाटांसमोर, पार पाण्यात शिरलेले बुरुजासारखे दगडी चौथरे आहेत. तिथले लोक त्यांना मढी म्हणतात. ऊन तापू लागलं की पोरं मढीवर चढतात, चड्डी सावरतात, एकदा खाली बघतात आणि गंगेत झोकून देतात. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरची जुनी, हाताने फोकस करायची लेन्स होती. तासाभरात साठ-सत्तर फोटो काढले. रात्री खोलीवर येऊन पाहतो तर मागच्या भिंतीतल्या दगडांचे सांधे मोजून घ्यावेत इतके स्वच्छ, आणि पोरगा मात्र प्रत्येक फोटोत पुसट. काही फोटोंत तर पोरगा नव्हताच, नुसतं उडालेलं पाणी होतं.

चूक लेन्सची नव्हती. पोराने उडी घेतली की मी फोकसची कडी फिरवायला लागायचो आणि फोकस जमला की बटण दाबायचो. तीन मीटर उंचीवरून मारलेली उडी पाऊण सेकंदात संपते. तेवढ्यात ही दोन्ही कामं कुणाच्याही हाताने होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे नावेतून जाताना एक मासेमार दिसला. प्रवाह जिथे काठाला वळण घेतो, नेमकं तिथे जाळं लावून तो बिडी ओढत बसला होता. मासा येईल तेव्हा येईल. मासा कुठून येणार हे त्याने आधीच ठरवलं होतं. हाताने फोकस करायच्या टेलिफोटोचं सगळं शास्त्र त्या बसण्यात आहे. आधी जागा ठरवायची, तिथे फोकस लावायचा, कडीवरचा हात काढायचा आणि घटना त्या जागेत येण्याची वाट पाहायची. या शिक्षणासाठी बनारससारखी शाळा नाही, कारण इथे पाण्यावर घडणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्याच जागी पुन्हा पुन्हा घडते.

काशीयात्रेला निघालेल्या, पिशवीत एखादी जुनी लेन्स टाकून नेणाऱ्या वाचकासाठी ही सगळी तयारी इथे मांडतो आहे.

लेन्स कोणती, आणि घेताना काय पाहायचं

घाटांवर दोन लांबी उपयोगी पडतात: १३५ आणि २०० मिलिमीटर. १३५ नावेतून, २०० घाटावरून. छोट्या, एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरची लेन्स फुल-फ्रेमवरच्या ३०० इतकं जवळ आणते, त्यामुळे तिथे एकटी १३५सुद्धा पुरते. याहून लांब लेन्स नावेत हातात स्थिर राहत नाही आणि घाटावर तिची गरजही पडत नाही.

निकॉन, पेंटॅक्स, कॅनन, ऑलिम्पस या कंपन्यांच्या फिल्मच्या काळातल्या १३५ आणि २०० मिलिमीटरच्या लेन्स आजही जुन्या बाजारात मिळतात. एफ ४ ची २०० मिलिमीटर लेन्स साधारण अर्ध्या किलोची असते, दिवसभर गळ्यात घालून फिरता येतं. घेताना तीन गोष्टी तपासा. मागून टॉर्च मारून काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते बघा. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नको. आणि फोकसची कडी पूर्ण फिरवून पाहा; ती मधे अडकता कामा नये आणि ढिलीही नको. बाहेरचा रंग उडालेला असेल तर दुर्लक्ष करा, भाव पाडून घ्यायला तो कामी येतो.

मिररलेस कॅमेऱ्यावर अशी लेन्स बसवणं सोपं आहे. जुन्या निकॉनच्या लेन्सला सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटर अंतर लागतं, तर सोनीच्या ई माउंटला १८ आणि निकॉनच्या झेड माउंटला १६. मधली जागा एक पोकळ नळकांडं (अडॅप्टर) भरून काढतं. त्याला काच नसते, त्यामुळे चित्राचा दर्जा उतरत नाही. कॅमेऱ्यात दोन गोष्टी मात्र करून ठेवा. ‘लेन्स नसतानाही शटर चालू द्या’ हा पर्याय सुरू करा आणि थरथर रोखणाऱ्या यंत्रणेला लेन्सची लांबी आकड्यात सांगा. १३५ काढून २०० लावली की हा आकडाही बदला. तो बदलायचा राहिला तर कॅमेरा चुकीच्या हिशेबाने थरथर सावरतो आणि दोष मात्र लेन्सच्या माथी येतो.

आणखी एक. निकॉनची फोकसची कडी ज्या दिशेने फिरते त्याच्या उलट कॅननची फिरते. एका सहलीत दोन्ही नेऊ नका. बोटांना एकच सवय लागली पाहिजे.

घाटांचा उजेड आधी समजून घ्या

काशीत गंगा दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. अस्सीपासून राजघाटापर्यंतचे सगळे घाट पश्चिम काठावर आहेत आणि त्यांची तोंडं उगवतीकडे. समोरच्या काठावर वस्ती नाही, नुसती वाळू. या एका भूगोलावर दिवसभराच्या उजेडाचा हिशेब बसतो.

सकाळी तुम्ही घाटावर उभे असाल तर सूर्य समोर असतो. नावा, वल्ही, डोकं वर काढलेला पोहणारा, सगळं काळ्या आकृतीत दिसतं आणि उडणारा प्रत्येक थेंब पेटतो. त्याच वेळी तुम्ही नावेत असाल तर सूर्य पाठीशी आणि अख्खा घाट समोर उजळलेला. दुपार कलली की सूर्य घाटांवरच्या वाड्यांमागे जातो. पायऱ्या सावलीत, पण नदीच्या मधोमध आणि पलीकडच्या वाळूवर स्वच्छ ऊन. तेव्हा घाटावरून नदीकडे लेन्स वळवली तर ऊन तुमच्या पाठीकडून येतं आणि नावांचे रंग खरे दिसतात. म्हणून सकाळी आकृत्या, दुपारनंतर रंग, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

वेळेची गफलत मराठी पाहुण्यांची हमखास होते. भारतीय प्रमाणवेळेची रेषा मिर्झापूरजवळून जाते, म्हणजे बनारसचं घड्याळ आणि सूर्य जवळजवळ एकमेकांशी जुळलेले. पुण्या-मुंबईपेक्षा इथे हिवाळ्यात वीस-पंचवीस मिनिटं आणि जूनमध्ये पाऊण तासाहून अधिक आधी उजाडतं. पुण्याच्या अंदाजाने गजर लावला तर घाटावर पोचेपर्यंत उजेड पांढरा झालेला असतो. हिवाळ्यात सूर्य समोर बघताना उजवीकडे, रामनगरच्या अंगाने उगवतो. उन्हाळ्यात डावीकडे, राजघाटाच्या पुलाच्या अंगाने. कोणत्या घाटावर बसायचं ते आदल्या दिवशी यावरून ठरवा.

सूर्य चौकटीत घ्यायचा असेल तर तो लालसर आणि मंद आहे तोवरच. एकदा डोळे दिपू लागले की टेलिफोटोतून त्याच्याकडे बघू नका. आरशाच्या कॅमेऱ्यात थेट डोळ्याला इजा होते आणि मिररलेसमध्ये आतला भाग भाजू शकतो. नावेत कॅमेरा मांडीवर ठेवताना लेन्सला टोपण लावायची सवय याचसाठी हवी.

कडी कुठे थांबवायची

आता मुख्य गोष्ट. फोकस एका रेषेवर नसतो, एका पट्ट्यात असतो. त्या पट्ट्याच्या आत आलेलं सगळं चालण्याइतकं स्पष्ट दिसतं. पट्टा किती रुंद आहे हे माहीत असेल तर कडीला हात न लावता काम होतं. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरचे हे चार आकडे वहीत लिहून ठेवा:

– २०० मिलिमीटर, १० मीटर अंतर, एफ ४: सुमारे ६० सेंटिमीटर
– २०० मिलिमीटर, ३० मीटर अंतर, एफ ४: सुमारे साडेपाच मीटर
– २०० मिलिमीटर, ३० मीटर अंतर, एफ ८: सुमारे ११ मीटर
– १३५ मिलिमीटर, १० मीटर अंतर, एफ ८: सुमारे पावणेतीन मीटर

हे आकडे मध्यम आकाराच्या छापील फोटोसाठीचे आहेत. संगणकावर फोटो पूर्ण मोठा करून पाहणार असाल तर निम्मेच धरा. तरीही तीस मीटरवर एफ ८ ला पाच-सहा मीटरचा पट्टा उरतो. त्यात अख्खी छोटी नाव मावते.

पट्टा कळला की पुढचा प्रश्न आपण कुठे उभं राहायचं हा. इथे एक नियम पाठ करा: हालचाल आपल्याकडे येणारी नको, आपल्यासमोरून आडवी जाणारी हवी. काठाला समांतर जाणारी नाव तुमच्यापासून बराच वेळ सारख्याच अंतरावर असते, तर तुमच्या दिशेने येणारी दर क्षणी अंतर बदलते. उडी मारणारा पोरगाही तसाच. मढीच्या मागे उभे राहिलात तर तो तुमच्यापासून लांब जातो. शेजारच्या घाटाच्या पायरीवर बसलात तर तो तुमच्यासमोर आडवा झेपावतो आणि उडीच्या सुरुवातीपासून पाण्यात पडेपर्यंत पट्ट्यातच राहतो.

फोकस लावताना आधी मढीच्या कडेवर, ज्या दगडावर पोरं पाय ठेवतात त्याच्यावर, कॅमेऱ्यात चित्र मोठं करून कडी जुळवा. स्पष्ट कडा रंगवून दाखवणारी सोय (पीकिंग) आहे, पण पाण्याच्या चमकीवर ती फसते. भलतीकडेच रंग दाखवते. म्हणून भरवसा मोठ्या केलेल्या चित्रावर. कडी जुळली की तिच्यावर आणि लेन्सच्या नळीवर मिळून कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा. हात लागला तरी कडी हलत नाही. मी पट्टीवर पेनाने ‘मढी’ असं लिहून ठेवतो आणि नावेसाठी दुसरी खूण करतो. दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवर बसलो की पुन्हा शोधाशोध नको.

कडी अनंतावर टेकवली म्हणजे लांबचं सगळं आपोआप स्पष्ट, हा समज सोडा. अडॅप्टर बहुधा केसभर आखूड असतात आणि लेन्स कडीच्या टोकाला अनंताच्याही पुढे जाते. लांबच्या पुलावर किंवा समोरच्या वाळूतल्या माणसांवरसुद्धा डोळ्याने जुळवूनच घ्या.

सरावाचे चार धडे

पहिला धडा धोब्यांचा. पांडे घाटाच्या आसपास सकाळी धोबी पाण्यात उभे राहून दगडावर कपडे आपटतात. कपडा डोक्यावरून मागे जातो तेव्हा पाण्याची कमान सुटते. माणूस जागचा हलत नाही, हात एका तालात चालतो आणि उजेड समोरून. दोन-तीन आपट्यांत ताल ऐका, मग डोळे मिटूनही बटण वेळेवर दाबता येतं. कमान गोठवायला शटर १/१००० हवं. काही फोटो १/६० लाही काढा. धोबी स्थिर आणि पाण्याचा नुसता पिसारा. फोटो काढण्याआधी त्यांच्याकडे बघून मान हलवा. दिवसाचं काम चालू असतं, आपण त्यांच्या वाटेत बसलेलो असतो.

दुसरा धडा नावांचा. वल्ह्याची नाव संथ आणि नेमाने जाते. वल्हं पाण्यातून बाहेर येऊन थेंब ओघळतात तो क्षण धरा. वल्हं पाण्यात असताना नावाड्याचं अंग पुढे वाकलेलं आणि चेहरा झाकलेला असतो. १/५०० पुरतं. नावेबरोबर कॅमेरा फिरवत १/३० किंवा १/६० ला फोटो काढून पाहा, मागच्या पायऱ्यांच्या आडव्या रेघा होतात आणि नाव तेवढी उभी राहते. असं करताना थरथर रोखणारी यंत्रणा बंद करा, नाहीतर ती तुमच्या फिरवण्याशीच भांडत बसते.

तिसरा धडा कुरवांचा. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी नदीवर थव्याने असतात. घाटावर त्यांना सरसकट ‘सायबेरियन’ म्हणतात. नावाडी ‘आओ, आओ’ अशी हाळी देत शेव उडवतात आणि थवा नावेवर झेपावतो. एकेका पक्ष्यामागे कडी फिरवणं हा मूर्खपणा. शेजारच्या नावेतला हात जिथे शेव फेकतो त्या हाताच्या उंचीवर, दहा मीटरवर फोकस लावून १३५ एफ ८ ला ठेवा आणि थवा त्या पट्ट्यात आला की एकामागून एक फोटो काढा. दहांतले दोन जमले तरी पुष्कळ. शेव मात्र स्वतः विकत घेऊन टाकू नका. तळलेलं पीठ हे त्या पक्ष्यांचं खाणं नव्हे. आजूबाजूच्या नावांतून ती उडतच असते.

चौथा धडा उडीचा. उडीत तीन क्षण चांगले. पहिला, पाय दगडावरून सुटून अंग वर उचललं जातं तो. त्या टोकाला वेग जवळजवळ शून्य असतो, पोरगा हवेत टांगलेला दिसतो आणि १/५०० लाही स्वच्छ येतो. दुसरा, पाण्याला टेकण्याआधीचा. तीन मीटरवरून येताना त्याचा वेग सेकंदाला पावणेआठ मीटर झालेला असतो. १/२५० ला तो तीन सेंटिमीटर सरकेल, १/१००० ला पाऊण. तिसरा क्षण पाण्यात शिरल्यानंतरचा. तुरा लगेच उठत नाही, किंचित उशिराने उठतो. नवखा माणूस अंग बुडालं की बोट उचलतो आणि तो तुरा हुकतो. डोळ्याने पाहून बोट दाबायला आपल्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, म्हणून उडी दिसल्यावर नव्हे, पोराचे गुडघे वाकले की दाबायला सुरुवात करा.

पैसे देऊन किंवा ‘एक बार और’ म्हणून उडी मारायला लावू नका. पोरांना पाणी कुठे खोल आहे ते माहीत असतं, पण प्रेक्षक मिळाला की ती नेहमीपेक्षा उंच चढतात.

उजेडाचे आकडे

या लेन्सचं ॲपर्चर कडीने हाताने लावायचं असतं. मग शटर आणि आयएसओही हातानेच ठरवा. पाण्याची चमक कॅमेऱ्याच्या मीटरला फसवते. चमकती लाट चौकटीत आली की तो फोटो काळा करतो, नावेचा गर्द रंग आला की पांढरा. म्हणून घाटाच्या उन्हातल्या दगडावर उजेड मोजून आकडे एकदाच ठरवा आणि ढग येईपर्यंत बदलू नका.

सूर्योदयानंतर अर्ध्या-पाऊण तासाने आयएसओ ४००, एफ ५.६, १/१००० पासून सुरुवात करा. भर उन्हात आयएसओ २००, एफ ८, १/१०००. जुन्या टेलिफोटो पूर्ण उघड्या ॲपर्चरवर पाण्याच्या चमचमत्या टोकांभोवती जांभळी-हिरवी कड उमटवतात. एफ ५.६ किंवा ८ ला ती बरीच कमी होते, म्हणूनही वरचे आकडे. सूर्य समोर असताना पुढची संरक्षक काच काढून ठेवा; तिच्यामुळे सूर्याची भुतं चित्रात उमटतात. सावली धरणारं हूड मात्र कधीच काढू नका.

क्षितिजाची एक गंमत. चौकट सरळ आहे का ते बघायला आपण एखादी इमारत पकडतो. मणिकर्णिका आणि शिंदे घाट यांच्यामध्ये पाण्याच्या कडेला रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे. ते स्वतःच कललेलं आहे! त्याला सरळ मानलंत तर सगळी गंगा तिरकी. लगतचा शिंदे घाट १८३० च्या सुमाराचा, बायजाबाई शिंद्यांचा, आणि तोही बांधल्यानंतर खचलेला. इथे पाण्याची रेघ किंवा नावेत उभ्या टेकवलेल्या बांबूवर भरवसा ठेवा.

नावेत बसायचं कसं

इंजिनाची नाव थरथरते. तिच्यात बसून काढलेला १/२५० चा फोटो मोठा केला की हललेला निघतो. फोटोसाठी वल्ह्याची नाव ठरवा, ठरवताना भाव आणि वेळ दोन्ही आधी बोला, आणि अस्सीकडून खाली, प्रवाहाबरोबर निघा. वर चढताना नावाडी काठाजवळून, मंद पाण्यातून नेतो. तेव्हा घाट फार जवळ येतात आणि २०० मिलिमीटर निरुपयोगी ठरते. जाताना लांबची लेन्स, येताना आखूड, असं ठेवलं की नावेत सारखी लेन्स बदलावी लागत नाही.

नावेत उभं राहू नका. फळीवर बसा, कोपरं गुडघ्यांवर टेकवा, डावा तळवा लेन्सखाली. ट्रायपॉड नावेत कामाचा नाही, तो नावेची हालचाल जशीच्या तशी कॅमेऱ्याला पोचवतो. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात आणि लाइफ जॅकेट अंगात, दोन्ही नाव सुटण्यापूर्वी.

लांबच्या घाटांचे थर एकावर एक रचलेले हवे असतील तर घाटांचं वळण वापरा. नदी इथे चंद्रकोरीसारखी वळते. एका टोकाच्या पायरीवरून वळणाच्या दिशेने पाहिलं की भोसले घाटाच्या भिंती, बांबूच्या छत्र्या, नावांची टोकं सगळं एकमेकांना चिकटून येतं. ही जवळीक लेन्सची नसते, अंतराची असते. लेन्स फक्त तो तुकडा कापून देते. हे सकाळी आठाच्या आत करा. ऊन चढलं की तापलेल्या दगडांवरची हवा थरथरू लागते आणि दोनशे मीटरपलीकडचं काही स्पष्ट येत नाही.

एकदाच होणारी उडी

सराव झाला की परीक्षा. कार्तिक शुद्ध चतुर्थीला तुलसी घाटावर नागनथैया लीला होते. परंपरा तुलसीदासांच्या नावाने सांगितली जाते. नदीत कदंबाची फांदी उभी करतात. चेंडू पाण्यात गेल्यावर कृष्ण झालेला मुलगा फांदीवर चढतो, गंगेत उडी घेतो आणि कालियाच्या फण्यावर उभा राहून वर येतो. हजारो लोक पायऱ्यांवर आणि नावांत. सगळा खेळ काही मिनिटांचा आणि उडी एकच.

वेळ संध्याकाळची, सूर्य वाड्यांमागे गेलेला. आयएसओ ८०० ते १६००, एफ ४, १/५०० धरून चाला आणि आधी चाचणी घ्या. दुपारीच जागा पकडा. फांदीच्या टोकावर फोकस लावा, पट्टी चिकटवा. तीस मीटरवर एफ ४ ला साडेपाच मीटरचा पट्टा आहे; फांदी आणि तिच्या खालचं पाणी दोन्ही त्यात येतात. मग कडी विसरा. त्या गर्दीत ऑटोफोकसचे कॅमेरे समोर हललेल्या प्रत्येक हातावर आणि मोबाइलवर जाऊन बसतात. तुमचा फोकस मात्र दुपारपासून फांदीवर बसलेला असतो.

लेन्स कुठे खाली ठेवायची

मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवरच्या चितांचे फोटो काढायचे नाहीत, नावेतूनही नाहीत. ‘इतक्या लांबून कुणाला कळणार’ हा टेलिफोटोवाल्याचा खास मोह. नाव त्या घाटांसमोर आली की मी टोपण लावतो; नावाडीही मग मोकळेपणाने बोलू लागतो. स्नान करणाऱ्या बायकांचंही तसंच. काशीला आलेली आपलीच आजी ओल्या लुगड्यात पायरी चढत असेल, तर तिचा फोटो कुणी दोनशे मिलिमीटरवरून घेतलेला आपल्याला चालणार नाही. छायाचित्रकार रघुवीर सिंह यांच्या बनारसवरच्या पुस्तकातल्या (१९८७) चौकटी माणसांनी भरलेल्या आणि जवळून घेतलेल्या आहेत. ज्याला आपण दिसतो आहोत अशा माणसाचा फोटो घेण्यात जो मोकळेपणा आहे, तो टेलिफोटोनेही साधतो, फक्त समोरच्याला आपण दिसलो पाहिजे. म्हणून खांबाआड लपू नका. उघड्या पायरीवर तासभर बसा. पोरं दहा मिनिटांत येऊन लेन्स बघून जातात आणि मग तुम्हाला विसरतात.

ऋतू आणि निगा

ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंतचा काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं पडतं. तेव्हा लांबचा नाद सोडून पंधरा-वीस मीटरवरच्या नावा घ्या. धुकं मागचा सगळा पसारा पुसून देतं. थंडीतून उबदार खोलीत जाताना कॅमेरा पिशवीत बंद राहू द्या, नाहीतर काचेवर बाष्प धरतं. मे-जूनच्या गरम वाऱ्यात (लू) वाळू उडते आणि ती कडीच्या आट्यांत शिरली की कडी करकरते. पावसाळ्यात जायचं तर फोटोचा बेत करू नका. बनारसला धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. पाणी तिकडे चढू लागलं की पायऱ्या बुडतात आणि नावा बंद होतात. पूर ओसरल्यावरही कित्येक दिवस पायऱ्यांवर गाळाचा निसरडा थर असतो. घरी परतल्यावर लेन्स हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवा. जुन्या काचेचा खरा शत्रू बुरशी.

काशीला जाण्याआधी

हा सराव काशीत जाऊन सुरू करायचा नाही. हर्णै किंवा मालवणच्या बंदरात होड्या येतात-जातात, पोरं धक्क्यावरून उड्या मारतात. फरक उजेडाचा. कोकणचा किनारा मावळतीकडे तोंड करून आहे, म्हणून बनारसची सकाळ तिथे संध्याकाळी मिळते. समुद्राजवळ मात्र संरक्षक काच लावूनच ठेवा आणि खारे शिंतोडे आधी ओलसर कापडाने टिपा. कोरडं घासलं की मीठ काच ओरखडतं. नदी-समुद्र लांब असेल तर घराजवळच्या रस्त्यावरचा एक गतिरोधक निवडा, त्यावर फोकस लावा, पट्टी चिकटवा आणि येणाऱ्या प्रत्येक स्कूटरचा पुढचा टायर नेमका त्यावर असताना फोटो काढा. शंभरांतले साठ स्पष्ट आले की तिकीट काढा.

माझं गंगेत घोडं न्हायलं ते तिसऱ्या खेपेला. फोटोत पोरगा हवेत होता, गुडघे छातीशी, डोळे घट्ट मिटलेले. तो पाण्यातून वर आला, पायऱ्या चढून माझ्याजवळ आला आणि ओल्या बोटाने पडदा दाखवून म्हणाला, “आँख तो बंद है.” त्याच्या लेखी फोटो फुकट गेला होता. मी पट्टी न काढता तिथेच बसून राहिलो.